बदलीचा माल

चावीचं भोक चौकोनी असेल तर गाडी जर्मन,
असा माझा एक ठोकताळा. चुकतोही.
बिस्किटाच्या डब्यात एकेचाळीस चाव्या आहेत
कशालाच न लागणाऱ्या,
आणि फळीवर सहा इंजिनं, चावीवाचून बसलेली.
रविवारी त्यांच्या गाठी घालून बघतो,
वधूवर मेळाव्यातल्या स्वयंसेवकासारखा.

हे ताजं इंजिन लक्ष्मी मार्केटमागच्या भंगारातलं.
वजनावर मिळालं, दोनशे तीस ग्रॅम.
पोटाखाली बारीक इंग्रजी अक्षरं : व्याप्त जपान.
हरलेल्या मुलखात
कुणीतरी रिकामे डबे कापून केलेलं हे खेळणं.
कान सरळ करून पत्रा उलगडला
तर आतल्या बाजूला अर्धा मासा,
डोळ्यासकट, खवल्यांसकट छापलेला.
बाहेरून लाल-काळं इंजिन, आत मासा.
गंज काढला. मासा ठेवला.

स्प्रिंग तुटते ती नेहमी आतल्या टोकाला.
टोक लाल होईस्तोवर तापवायचं, नवं भोक पाडायचं,
बोटभर आखूड होते,
इंजिन दोन फेऱ्या कमी मारतं.
साठीनंतर तेवढं धरूनच चालायचं.

हुकांसाठी तार शेजारच्या दस्तगीरची.
तो सतारी करतो, तरफेचे उरलेले तुकडे
काडेपेटीत साठवून देतो.
विचारतो, लागला का सूर?
मी म्हणतो, डबा लागला.

आता अडचण रुळांची.
जपानी गाडीला सव्वा इंच लागतो,
जर्मन गाडीला त्याच्या जेमतेम निम्मा,
आणि कलकत्त्याची एक आहे, जाड पत्र्याची, रुसकी,
तिचं माप कशातच बसत नाही.
भाचा निशिकांत परवा म्हणाला,
मामा, सगळ्यांना एका मापाची चाकं छापून देतो,
मशीन आहे, एका दुपारचं काम.
मी हो म्हणालो.
तो चप्पल घालेपर्यंत नाही म्हणालो.
त्याला कारण हवं होतं.
चहा घे, म्हणालो.

आप्पा मिरज जंक्शनात माल बदलायचे.
इकडे मोठ्या रुळाची वाघीण, तिकडे छोट्या रुळाची,
मधे फलाट,
फलाटावर आप्पा.
गुळाच्या ढेपा, सरकी, बदली झालेल्या फौजदाराचं
आरशाचं कपाट.
एक गाडी जिथं थांबते
आणि दुसरी जिथून निघते
त्यामधली बारा पावलं आप्पांची.
हळदीच्या हंगामात ते मानेपर्यंत पिवळे होऊन यायचे,
आई म्हणायची, रोज रोज कुणाशी लागतंय लग्न?
आणि पाणी तापवायला उठायची.
उशीचा अभ्रा पिवळा तो पिवळाच राहिला.

रूळ एका मापाचे झाले
त्या दिवशी स्टेशनात पेढे वाटले.
आप्पांनी त्यांच्या वाटचा एक घरी आणला,
आम्ही चौघांनी खाल्ला.
चांगला होता. वेलदोडा होता त्यात.

रात्री जेवणं झाल्यावर फरशीवर रूळ मांडतो,
सव्वा इंची आणि त्याच्या शेजारी बारका,
मधे वीतभर जागा सोडून.
जपानी इंजिन घरघरत येतं, दोन फेऱ्या आधीच दमतं,
बरोबर थांबायचं तिथं नाही थांबत,
जरा पुढं जातं.
मी गुडघ्यांवर सरकत जातो.
त्याच्या डब्यातलं एक हळकुंड चिमटीत उचलतो,
वीतभर हवेतून नेतो,
जर्मन वाघिणीत ठेवतो.
मग दुसरं.
गुडघे वाजतात.
बोटांना वास येतो.

आतून सुलभा विचारते,
अजून किती वेळ?
मी सांगतो, माल चढतोय.