कोंदण

बाबा सराफ बाजारात टंच काढतात.
कसोटीच्या काळ्या दगडावर पिवळी रेघ ओढून
नुसत्या नजरेनं सांगतात
कुणी किती तांबं घातलंय.
मी गावाबाहेरच्या प्रयोगशाळेत गंज करते.
हो, गंजच. लोखंडाचा ऑक्साइड,
काचपट्टीवर कुंकवाच्या बोटाएवढा पातळ,
ऊन पिऊन पाण्याचे दोन वायू वेगळे करणारा.
करणारा म्हणजे, करील अशी आशा असलेला.

पहिल्या सव्वीस पट्ट्या निर्दोष निघाल्या.
एकेक अणू आपापल्या जागी, प्रार्थनेच्या रांगेत,
आणि विजेला कुठूनच वाट मिळेना.
जळगावच्या मे महिन्यात त्या नुसत्या तापल्या,
पत्र्यासारख्या.
भंगाळे मॅडम म्हणाल्या, "हर्षाली, आता बिघडव."

मग भट्टीतली हवा काढली, आर्गॉन सोडला.
साडेपाचशे अंशांवर प्राणवायूचे काही अणू
घर सोडून गेले.
किती, ते कळायला नमुना पुण्याला जातो.
उत्तर तीन आठवड्यांनी.

जेवताना सांगितलं, तर बाबांचा घास थांबला.
जन्मभर खोट शोधली,
आणि लेक फेलोशिप घेऊन खोट पाडते?
मी ताटात हरभरे नि शेंगदाणे मांडले.
हे लोखंड, हा प्राणवायू, हा इथून उचलला.
इथे आता पाणी येऊन टेकतं.
ते त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले,
भरीत गार होईपर्यंत.
मग अहिराणीत, जी ते एरवी फक्त आटणीच्या मुशीशी बोलतात,
"हाई खोट नई वं माय, कोंदन शे."
आणि भाकरी मोडता मोडता,
"पन जास्ती खोदशी ते खडा पडी जाई."

तसंच झालं. एकोणतिसावी पट्टी भट्टीत विसरले.
पोकळ्या इतक्या, की सुटलेली वीज
आतच अडखळून विझली.
पुढची बारा मिनिटं. त्यापुढची नऊ.

काल दुपारी विभागाच्या गच्चीवर, सेहेचाळीस अंश,
भांड्यात डिस्टिल्ड पाणी, थोडा कॉस्टिक,
टॉर्चच्या एका सेलचा टेकू.
डबा द्यायला आलेले बाबा
डोळ्याला भिंग लावून वाकले.
पट्टीवर मोहरीहून बारीक बुडबुडे,
समोर प्लॅटिनमच्या तारेवर त्याहून दाट.
"टंच किती?"
"अजून दोन टक्केसुद्धा नाही."

त्यांनी तळहात आडवा धरला. बुडबुडे थांबले.
हात काढला. सुरू.
परत धरला.