बत्तीस टक्के

जानेवारी लागला आणि न्हाणीघराचं दार
आपोआप मिटायला लागलं.
जुलैत ज्याला खांदा लावून ढकलावं लागतं
तेच हे दार. आता फटीतून दिव्याची रेघ येते
आणि कडी लावायची राहून जाते.

विक्रोळी, एकोणिसावा मजला.
समोर खारफुटी, तिच्यापलीकडे खाडी,
भरतीला पाणी अगदी कठड्याखाली आल्यासारखं.
आणि घरात, काट्यावर, बत्तीस टक्के.
बशीएवढं ते यंत्र हेरंबने आणलं,
कॅलेंडरशेजारी लावलं. येता-जाता बघतो,
पूर्वी शेअरचे भाव बघायचा तसा.

खिडक्या उघडाव्यात तर शेजारी टॉवर चढतोय,
सिमेंट थेट पोह्यांत.
मिटाव्यात तर नाक आतून पापड.
एका सकाळी उशीवर रक्ताचा ठिपका,
मोहरीएवढा.
मी अभ्रा उलटा केला, बोलले नाही काही.
त्यालाही दिसला असणार,
कारण तिसऱ्या दिवशी खोक्यातून हत्तीचं पिल्लू आलं,
पांढरं, प्लॅस्टिकचं, सोंडेतून धुकं सोडणारं.

आठवड्याभरात टीव्हीवर, फ्रिजवर, देवांच्या टाकांवर
बारीक भुकटी बसली. बोट फिरवलं तर नाव लिहिता येईल.
"टँकरचं पाणी, क्षार उडतात," वरचे पेडणेकर म्हणाले,
"आमचा हत्ती तर गेल्या वर्षीच माळ्यावर."
आमचाही गेला.

भांडुपच्या खोलीत बावीस वर्षं
आम्ही ओलीशी भांडलो.
कोपऱ्यात बुरशीचा नकाशा,
दर पावसाळ्यात त्यात एक नवा तालुका.
काडेपेटी तांदळाच्या डब्यात पुरलेली.
माझं बी.एड.चं प्रमाणपत्र काचेला चिकटलं
ते तसंच काचेसकट फेकलं.
नवं घर ठरलं तेव्हा बिल्डरला म्हटलं होतं,
बाकी काही नको, कोरडं द्या.
दिलं की त्याने.

आता रात्री मी दोन पंचे भिजवते,
अर्धवट पिळते, खुर्च्यांच्या पाठीवर टाकते.
पलंगाखाली पातेलंभर पाणी.
(त्यात एकदा हेरंबचा पाय गेला,
त्याने काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)
धुणं गॅलरीत न जाता हॉलमध्ये,
पाहुण्यांच्या डोक्यावर बनियनची तोरणं.
काटा कसाबसा अडतीसवर.
मध्यरात्री तो उठतो, बघतो, परत येतो,
"अडतीस," म्हणतो, आणि कुशीवर वळतो.
दिवसभरात आम्ही बोललेलं
कधीकधी एवढंच असतं.

परवा टाचांना लावायला मुठेल मागितलं.
कोकमाचा तो गोळा अंधारात पुढे करताना
त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं.
चट्.
निळी, इवलीशी ठिणगी, दोघांनाही दिसलेली.
दोघांनीही हात मागे घेतले,
गोळा गेला गडगडत पलंगाखाली, पातेल्यात.
"लागलं?"
"नाही. तुला?"
"पुन्हा बघू," तो म्हणाला आणि बोट पुढे केलं.
काहीच झालं नाही.
"पाय घासावे लागतात," मी म्हटलं,
शाळेत सातवीला शिकवायचे मी हे.

मग एकसष्ट आणि अठ्ठावन्न वर्षांची दोन माणसं
रात्री पावणेबाराला
गालिच्यावर पाय घासत उभी,
खालच्या मजल्यावर काय वाटलं असेल कोण जाणे.

सकाळी पंचे खडखडीत वाळले होते.
मी ते पुन्हा नळाखाली धरले.