पाचपैकी पाच

हेडसेट जुना आहे. शिरपूरच्या एका सीनियरकडून घेतला,
सतरा हजारात, कानाच्या गाद्या फाटलेल्या.
गाद्या मी नव्या बसवल्या.
वायरीवरच्या डबीत निळा दिवा लुकलुकतो,
म्हणजे फोन जोडलेला आहे.

कॅप्टन तलवारे म्हणतात, हे खेळणं जमिनीवर.
वर गेलं की कान एकाच मालकाचा.

डबीला तशी अक्कल आहे.
रेडिओवर कुणी बोललं की फोनचा आवाज आपोआप खाली बसतो,
मोठी माणसं बैठकीत आली
की पोरं ओट्यावर सरकतात तसा.
आणि दुसरं बटण दाबलं
की इंजिनाची घरघर विहिरीत पडते.

आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते पारोळ्याला
लग्नाच्या मांडवात खांबाला भोंगा बांधत होते.
चाळीस वर्षं साऊंडचा धंदा,
डावा कान गेला, उजवा अर्धा उरलाय.
"आमी आवाज वाढाडतस," ते तोंडातली सुतळी न काढता म्हणाले,
"नि तुनी डबी आवाज खास?"

मार्चातली दुपार. गोंदूरची धावपट्टी
उन्हानं लांबून ओली दिसत होती.
मी एकटी, तिसरी सोलो,
नकाणे तलाव डाव्या पंखाखाली,
घासायला टाकलेल्या परातीसारखा.
निळा दिवा विझवायचा राहिलेला.

कानात रिंग.

एकदा दाबलं तर फोन उचलतो, दाबून धरलं तर कापतो.
मी घाबरून एकदाच दाबलं.

"हॅलो. चेक. चेक. माईक टेस्टिंग."
फोनवरही ते असंच सुरू करतात, सगळ्यांशी,
बँकेच्या माणसाशीसुद्धा.
मागे जनरेटर. कुणीतरी खुर्च्या उतरवत होतं.
"हर्षे, जेवनी का?"

मी तोंड उघडलं आणि रेडिओ बोलला:
दुसरं विमान, लांब फायनलवर.
आण्णा खाली बसले.
कानाच्या तळाशी शब्द नव्हते,
नुसती त्यांची चाल, चढ, उतार, मधला ठसका.
त्यांना माहीत नव्हतं आपण कुणासाठी जागा सोडलीय.
मी माझी जागा सांगितली, ठरलेल्या इंग्रजीत.
थ्रॉटल कमी. फ्लॅप्स दहा.
विमान दिसलं, माझ्या पुढे, माझ्या खाली.
रेडिओ गप्प झाला तसे आण्णा वर आले,
मधलं वाक्य कुठेतरी सांडून:
"—म्हनीसन सांगस, दोन घास खाई ले."

मी बटण दाबून धरलं.

चाकं दोनदा टेकली. एकदा माझ्या मनानं,
एकदा त्यांच्या.

कॅप्टनना सगळं सांगितलं.
ते ओरडतील म्हणून हात मागे बांधून उभी होते.
त्यांनी डबी उघडली, दोन सेल काढले,
माझ्या तळव्यावर ठेवले, चणे देतात तसे,
आणि म्हणाले, उद्या असंच जा.

गेले. निळा दिवा नाही, विहीर नाही.
इंजिन अख्खं कानात आलं,
खडखड, धाप, तेलकट दम लागलेलं,
आणि पहिल्याच वळणाला ओळख पटली:
हा आवाज मांडवाच्या मागचा,
मी लहानपणी ज्याला पाठ टेकून झोपायचे.

संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर सेल परत घातले.
हेडसेट कानावर, समोर लळिंगचा डोंगर विझत चाललेला.
फोन लावला. त्यांच्या आधी मीच म्हणाले,
"आण्णा, रेडिओ चेक. एक ते पाच,
किती ऐकू येतंय ते सांगा."

"थांब, कान बदलस."
खरखर झाली. मग बराच वेळ काहीच नाही,
मग मांडवाला ऐकवायच्या आवाजात,
"पाच!"

खोटं बोलले. पाच त्यांना
वीस वर्षांत कुणाचंच आलेलं नाही.
"तुनं काय?" त्यांनी विचारलं.
जनरेटर इतका जवळ होता
की अर्धं मला समजलं नव्हतं.
पाच, म्हणाले.