जॉबरचा कान

मी जॉबर. बिघडलेला माग मला दाराबाहेरूनच कळतो :
मारा कुठं ढिला पडलाय, कुठल्या पट्ट्यानं दम सोडलाय,
धोटा पेटीत पोचायच्या आत फणी पुढं येतीय का.
म्हणून सांगतो, ऐका माझं.
धोटा सुधारलाय.

मागावरचा नाही. बँड. 'धोटा' नावाचा,
साखर पेठेतल्या चौघांचा, एक्क्याण्णव साली शेडच्या मागच्या खोलीत सुरू झालेला,
कारण तिथं आधीच इतका खडखडाट होता
की तक्रार नेमकी कशाची करायची
ते शेजाऱ्यांना ठरवता येईना.

अंबादास गड्डम ओरडायचा.
मिलचा भोंगा बंद पडला त्या सकाळी
गेटपुढं जी माणसं डबे धरून गप्प उभी होती,
त्यांच्या वाटणीचं ओरडायचा.
मैनोद्दीनचं गिटार म्हणजे करवत.
इरण्णाचा बेस पोटात ऐकू यायचा, जेवल्यावर जास्त.
आणि ड्रमवर नरसय्या. त्याला ताल कुणी शिकवला नाही.
आई कांड्या भरायची, हा दोन मागांच्या मधे झोळीत झोपायचा, बस्स.

'अंधारी शिफ्ट' ही त्यांची पहिली कॅसेट
मी पेन्सिल घालून इतकी गुंडाळली
की पेन्सिल झिजली.

मग कुणीतरी पुण्याचं म्हणालं, जरा मऊ करा.
केलं मऊ.
टॉवेल मऊ चांगला बे, हे नाही.
तिसऱ्या सीडीत कीबोर्ड आला, पाचवीत बासरी,
सहाव्या सीडीवर चौघं इस्त्रीचे झब्बे घालून
तळ्याच्या काठी उभे.
ती मी अर्धी ऐकली आणि स्कूटरच्या डिकीत टाकली.
मेच्या उन्हात वाकडी झाली.
त्यानंतर ती जरा बरी वाटायला लागली.

आता अकरा वर्षांनी ही : 'सांधणी'.
नऊ गाणी, एकोणचाळीस मिनिटं.
पोरीनं मोबाइलवर लावून दिली,
पाचव्या दिवसाचं पाणी आलं होतं,
मी नळापाशी पाइप धरून, कानात ते.

सुरुवातीला वाजवणं-बिजवणं काही नाही,
मेन स्विच दाबावा तसं सगळं एकदम.
करवत परत आलीय. गंजलीय, त्यामुळं जास्त कापते.
अंबादासचा गळा फाटलाय
आणि त्यानं ठिगळ लावलेलं नाही.

चौथ्या गाण्यात तो नुसते नंबर म्हणतो.
भंगारात किलोनं गेलेल्या मागांचे नंबर,
चाल नाही, यमक नाही,
मागून तिघं कुटतायत.
सात. अकरा. अकराच्या शेजारचा बारा.
चोवीस आला तेव्हा मी खाली बसलो, ओल्या फरशीवर.
चोवीस मी बसवला होता.
पिंप भरून वाहत होतं, बायको ओरडत होती,
तिचं ओरडणंही तालात पडलं.

आणि एक गोष्ट, ती फक्त मलाच कळली असंल.
नरसय्याला साखर आहे. डाव्या पायाची दोन बोटं
सिव्हिलमध्ये काढली परवाच्या दिवाळीत.
दोन्ही पायांनी वाजवतो तेव्हा उजवा वेळेवर,
डावा केसभर मागं.
केसभरच.
माग असता तर मी पाना काढला असता.

अशोक चौकात गाठला त्याला, चहावर.
"विन्नावा, अन्ना?"
ऐकलं, म्हटलं.
"डावा?"
उशिरा येतोय.
तो कपाकडं बघत राहिला. "मग? काय करायचं?"
सदतीस वर्षं मला हा प्रश्न लोक विचारतात
आणि माझ्याकडं उत्तर असतं, रेट असतो, खिशात दहा-बाराचा पाना असतो.

हात लावू नको बे, म्हटलं.

तो काही बोलला नाही.
टेबलाखाली सैल चपलेतला पाय हलायला लागला,
आधी उजवा,
मग तो.
चहा हळूहळू बशीत उतरत होता
आणि आम्ही दोघंही कप उचलत नव्हतो.