चारवर

श्रीशैल, आधी मशीन पत्र्यावर टेक, मग चालू कर.
फिरतं मशीन हवेतनं आणलंस
की सगळं कंपाउंड भिंतीवरच्या कॅलेंडरला,
तुझ्या भुवयांना, माझ्या चहाला.
परवा तोच चहा प्यालो मी.
जरा गोडच लागला.

थेंब चार. वाटाण्याएवढे.
तू तर शेंगाचटणीवर तेल ओतावं तसं ओतायलास.
जास्त घातल्यानं जास्त चमकत नाही बे,
जास्त वाळतं.
पांढरी भुकटी होऊन बसतं काचेच्या रबरात,
नंबरप्लेटच्या स्क्रूत, दाराच्या फटीत,
आणि संध्याकाळी लग्नाला निघालेल्या कुणाच्या तरी
काळ्या शालूला लागतं.
मग फोन मला येतो.

एकवर नुसतं पसर.
तेव्हा चमक शोधायची नाही.
मग चारवर. हात सावकाश, मशीन जोरात,
उलटं करू नको.
आकडे सहापर्यंत आहेत म्हणून सहा लावायचं नसतं.
स्कूटरच्या काट्यावर एकशेवीस लिहिलंय,
होटगी रोडला कधी नेलास का तिथवर?
नेला असशील. सांगू नको.

आणि आता बॉनेटला हात लावू नको.
अडीच वाजलेत, एप्रिल आहे, पत्र्याचं शेड आहे,
अक्कलकोट रोडवर कुत्रंसुद्धा सावली बदलायलंय.
उलटा हात ठेवून बघ, पोराचा ताप बघतात तसा.
ओढून घ्यावासा वाटला ना?
मग तिथं एक काय नि चार काय,
थेंब पडल्या पडल्या पीठ.
डॉक्टरीणबाईंची काळी गाडी उद्या पहाटे साडेपाचला.
ये. आंघोळ नंतर कर.

पंखा नको. पंखा धूळ काढत नाही,
या गाडीवरची त्या गाडीवर नेतो.
फरशीवर पाणी मार,
ब्रशनं पॅड झाड, दर खणानंतर, विसरू नको,
मेलेल्या कंपाउंडनं भरलेलं पॅड
पॉलिश नाही करत, नुसतं घासतं.
आणि तोंडाला फडकं बांध.
का, ते विचारू नको.

माझे नायना चाळीस वर्षं मागावर होते.
घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या,
कानाच्या पाळीत कापूस,
आणि आई उंबऱ्यातच त्यांना झाडायची,
चादर झाडावी तशी.
तो आवाज ऐकून मी उठायचो.

गेल्या महिन्यात ते इथं आले होते.
त्या स्टुलावर बसले, डोळे मिटून.
एक कान गेलाय, दुसरा निम्मा.
मी पाचवर चाललो होतो, गिऱ्हाईक दारात उभं,
त्यांनी डोळे न उघडता म्हटलं,
मेल्लगा, बिड्डा, मेल्लगा.
सावकाश.
मशीन त्यांनी आयुष्यात हातात धरलं नव्हतं.
सूत तुटायच्या आधी माग असाच रडतो, म्हणाले.
मी चारवर आणलं.
खरंच, धूळ बसली खाली.

मग त्यांना दिसला माझा टॉवेल.
आपल्याच गावचा, सेकंडचा माल, किलोवर घेतलेला,
आणि मी कात्रीनं त्याची किनार कापत होतो.
किनारीची शिलाई पेंटवर ओरखडे काढते, नायना.
ते काही बोलले नाहीत.
काठ सरळ आला नाही तर मुकादम पगार कापायचा,
एवढंच एकदा, बऱ्याच वेळानं.
जाताना खाली पडलेल्या पट्ट्या त्यांनी उचलल्या,
बोटाला गुंडाळल्या, खिशात टाकल्या.

कशाला, ते मीही विचारलं नाही.

चल, आता शेवटचा हात. तीनवर.
भार काढ, मशीनचं वजन पुरे आहे.
टॉर्च तिरका धर.
कोळ्याचं जाळं दिसतं का अजून?
दिसतंय?
मग दिसतंय म्हण की. लाजतोस कशाला.
पुन्हा एकवर.