काट्याजवळचा माणूस

जुलै. रोसारियोच्या रात्रशाळेतला हीटर
याही वर्षी आजारी.
भिंतीवर चादर ताणून मी तोच चित्रपट दाखवते,
एकोणीस हिवाळे झाले,
कृष्णधवल, डाव्या कोपऱ्यात केस अडकल्यासारखा ओरखडा
आणि आवाज असा, की माणसं
पारानाच्या तळाशी बसून बोलताहेत.

गोष्ट साधी. बंदरातला धान्याचा काटा.
फर्मीन नावाचा कारकून
काट्याच्या फळीखाली लाकडाची पाचर सरकवतो,
बोटभर.
आतल्या गावांतून रात्रभर आलेला ट्रक
तेवढ्यानं हलका होतो.
जड काय होतं, ते चित्रपट
शेवटपर्यंत दाखवत नाही.

मी फळ्यावर रकाने आखते:
पात्र. हवंय काय. भीती कशाची. किंमत किती.
मुलं म्हणते मी, पण मुलं नव्हेत ही.
अनिबाल बेकरीतून येतो, कोपरापर्यंत पीठ.
दोन्या रामोना पासष्टीची, शाळा सुटलेली सुटलेलीच राहू नये म्हणून येते,
चष्मा बुटाच्या नाडीनं बांधलेला.
सगळे भराभर लिहितात.
मॅनेजर लोभी. इन्स्पेक्टर विकला गेलेला.
फर्मीन दुबळा. साक्ष देऊन मार खाणारा हमाल शूर.
शाई वाळायच्या आत निकाल.

मी विचारते, पाचर कुणी तासली?

कुणालाच आठवत नाही.
आहे तो, अकराव्या मिनिटाला,
पाठमोरा सुतार, तीन सेकंद,
शीळ घालत रंधा मारतो.
नाव नाही त्याला. रकानाही नाही.

तेव्हा शेवटच्या बाकावरून ग्रिसेल्दा ओचोआ बोलली.
मार्चपासून पहिल्यांदा.
तिचे वडील कस्टममध्ये होते, आणि मग नव्हते,
हे वर्गाला माहीत आहे; वर्गानं
तिच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवून
माहीत असल्याचं कळवलंही आहे.

"बाई, फर्मीन बायकोला कोट आणतो.
ती विचारत नाही, कुठून आणला.
सगळ्यांनी लिहिलंय, ढोंगी.
पण कोट उबदार होता.
हे कुणीच का नाही लिहीत?"
मग, वहीकडे बघत,
"माझ्याकडे होता तसा. निळा.
दोन हिवाळे मला साधी शिंकही आली नाही."

कुणी हसलं नाही. प्रोजेक्टरचा पंखा
रिकाम्या गाडीसारखा फिरत राहिला.
दोन्या रामोनानं रबर काढलं
आणि काहीतरी खोडलं. काय, ते मी पाहिलं नाही.

मापात पाप, एवढं म्हणून
मला मोकळं होता आलं असतं. खडू हातात होता.
पण मला पीच आठवले.
नऊ वर्षांपूर्वी, फेब्रुवारीची फेरपरीक्षा,
एका मुकादमानं आणलेली पेटी,
प्रत्येक फळ वेगळ्या कागदात गुंडाळलेलं.
साडेपाचाचे सहा. सही माझी.
मुलगा पास झाला, क्रेनवर लागला,
आता रस्त्यात भेटला की टोपी काढतो.
मी मुरंबा केला. बरण्या जूनपर्यंत पुरल्या.
वाईट झाला होता म्हणावं,
तर तसंही नाही.

तास संपला. अनिबाल जिन्यात
त्या सुताराची शीळ घालत उतरला,
आपण काय घालतोय हे त्याच्या ध्यानात नसावं.
ग्रिसेल्दा थांबली चादर घडी करायला.
दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या,
एकमेकींकडे चालत आलो,
मागे गेलो, पुन्हा आलो.

"दर वर्षी हाच का दाखवता?"
तिनं विचारलं, अगदी जवळून.

"शाळेकडे हे एकच रीळ आहे," मी म्हटलं.

खरंच आहे ते.
फक्त वजनाला
बोटभर कमी.