चौदा इंची चौकोन

जूनमध्ये क्वार्ट्झसाइटला कुणी राहत नाही.
म्हणजे राहतात,
ज्यांना दुसरीकडे जायला उरलेलं नाही ते.
बाकीच्या गाड्या एप्रिलमध्येच उत्तरेला गेल्या
खुर्च्या मिटून, कुत्री मांडीवर घेऊन.
वाळवंटात राहिले टायरांचे माग
आणि ट्वेट नवरा-बायको.

पहाटे साडेचारला मी शिडी लावली.
सातनंतर त्या छपरावर गुडघा टेकला
तर कातडं तिथंच राहतं.
हॉलिस खाली टॉर्च धरून उभा, वय एकोणऐंशी.
"सतरा वर्षं चालला," म्हणाला,
विकाव्या लागलेल्या घोड्याबद्दल बोलावं तसं.

आधी आतली जाळी काढली.
फिल्टरवर कुत्र्याचे पिवळे केस.
कुत्रा कुठे, मी विचारलं नाही.
सिंकखाली पाण्याचं भांडं होतं, कोरडं.

चार लांब बोल्ट. तीन मुकाट आले.
चौथ्याने शिव्या खाल्ल्या,
आधी इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्ये,
मग माझ्या बापाच्या, ज्यांना भाषाच नाही.

वर झाकण उचललं तर कुंभारमाशीचं घर,
मातीचं, नीट लिंपलेलं, सोडून दिलेलं.
आणि पंख्याचं एक पातं तुटकं.
"म्हणून तो खडखडाट," मी ओरडले.
"कुठला खडखडाट?" खालून गुडरुन.

मग पहार घालून ते धूड सोडवलं,
फळीवरून, दोरावर, इंच इंच उतरवलं
आणि छपरात राहिला चौदा इंची चौकोन.
गुडरुन त्याखाली येऊन उभी राहिली
हातात कॉफीचा मग, मान वर.
माझ्या बुटांच्या मधून
तिला आभाळ दिसत असावं.
"एवढंच भोक होतं होय," ती म्हणाली,
"मला वाटायचं, केवढं तरी असेल."

नवीन यंत्र पंचेचाळीस किलोचं, पांढरंशुभ्र, मुकं.
खालचं रबर निम्मं दबलं पाहिजे, त्याहून जास्त नाही.
बोल्ट पिळायचे कोपऱ्यासमोरचा कोपरा धरून,
एकावर जोर दिला तर पाणी दुसरीकडून येतं.
हे मी हॉलिसला समजावलं.
त्याने मान डोलावली,
"हे लग्नाआधी सांगायला हवं होतं कुणीतरी."

साडेनऊला बटण दाबलं.
एकशे चौदा अंशांत
गार हवा आली, पायावरून मांजर जावं
इतक्या आवाजात.

आठव्या दिवशी फोन.
"गुडरुन झोपत नाही."
गार होत नाही का?
"गारच होतं."
मग तिने फोन घेतला.
"मला ह्याचा श्वास ऐकू येतो.
मध्येच थांबतो.
मी मोजत बसते.
काल अकरापर्यंत गेले."

सतरा वर्षं त्या तुटक्या पात्याखाली
किती अकरा होऊन गेले असतील!

मी गेले. चाळीस मैल, पैसे न घेता.
हॉलिसला म्हटलं, पार्करला डॉक्टर आहे,
असल्या श्वासावर मशीन मिळतं, नाकाला लावायचं.
"जाईन, पाऊस पडला की."
ढगाचा मागमूस नव्हता.
मंगळवारची वेळ मीच फोन करून घेतली,
कागद जाळीला चिकटवला.

मग शिडी. मग गुडघे.
झाकणाचा एक स्क्रू पाव फेरा सैल केला.
असलं काम मी आजवर केलेलं नाही,
बापाने पाहिलं असतं तर पाना काढून घेतला असता.
खाली विचारलं, "येतो का आवाज?"

बराच वेळ काही नाही.

"येतो," गुडरुन म्हणाली.
"अजून थोडा कर.
मंगळवारपर्यंत."